विमलताईंचं खातं

विमलताई गावंडेंना कुणी 'बिचारी' म्हटलं की मी त्या माणसाशी भांडते. वयाची साठी उलटली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी चिडू नका म्हणून बजावलं आहे, तरी भांडते. फोनवरून फसवल्या गेलेल्या बाईला तोंडाने बिचारी म्हणायचं आणि मनात मूर्ख म्हणायचं, ही आपल्या लोकांची रीत मला चांगली ठाऊक आहे. विमलताई यांतल्या काहीच नाहीत. त्या फसल्या हे खरं. पण फसल्यावर त्यांनी जे केलं त्याला छाती लागते, आणि ती आमच्या तालुक्यातल्या भल्याभल्या टोपीवाल्यांकडे मला दिसली नाही.

मी रजनी. नेरमधल्या एका सहकारी बँकेत मी सगळी नोकरी काउंटरच्या आत बसून काढली. विमलताईंची ओळख त्या काउंटरवरचीच. बोरखडी हे त्यांचं गाव, नेरहून एसटीने अर्ध्या तासावर. त्यांचे मालक घनश्यामराव वणीच्या कोळसा खाणीवर ट्रक चालवतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतात. त्यामुळे शेत विमलताईच बघतात. कापूस, मध्ये तुरीचे तास, बांधाला बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा. मजूर सांगणं, बियाणं आणणं, फवारणीच्या दिवशी माणसांच्या तोंडाला फडकं बांधलंय की नाही ते बघणं, सगळं त्यांच्याकडे.

पहिल्यांदा खातं काढायला आल्या तेव्हा थोरले दीर बबनराव बरोबर होते. बबनराव म्हणजे पांढरंशुभ्र धोतर आणि घसा खाकरून बोलणं. ते म्हणाले, खात्यावर माझंही नाव टाका, बाईमाणसाला व्यवहारातलं काय कळतं. मी विमलताईंकडे बघितलं. त्यांनी सरळ सांगितलं, खातं एकटीच्या नावानं काढा. बबनराव त्यानंतर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले आणि जाताना माझा चहाही घेतला नाही. त्या दिवसापासून त्यांच्या मनात ते खातं सलत होतं, आणि तो सल पुढे कसा बाहेर आला तेच मला सांगायचं आहे.

दोन हजार तेवीस सालचा उन्हाळा. आदल्या हंगामात कापसाला कधी नव्हे असा भाव मिळाला होता, त्यामुळे या वर्षी भाव पडला तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. आज ना उद्या चढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरला. बैठकीत कापूस, माजघरात कापूस, देवघरापुढे जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. दिवाळीत भरलेला माल होळी उलटली तरी तसाच. त्यात बारीक किडे झाले आणि घरोघरी माणसांच्या अंगाला खाज सुटली. लेकरं रडायची, म्हातारे पाठ भिंतीला घासायचे. सगळा तालुका भाव विचारत होता आणि खाजवत होता. सरकारदरबारी कुणाला खाज सुटली नाही, त्यामुळे तिकडे घाई नव्हती.

अशी महिनोन् महिने वाट बघणारी माणसं म्हणजे चोरांना सुगीच. मोबाइलवर कापसाच्या भावाचा एक ग्रुप होता. त्यात विमलताईंनी आपल्या कापसाचा फोटो टाकला आणि खाली नंबर दिला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता, गोड, अदबीने, माताजी माताजी करत. म्हणाला, मोठ्या जिनिंगचा खरेदीदार आहे, तुमचा माल फोटोतच पसंत पडला, बाजारापेक्षा क्विंटलमागे तीनशे जास्त देतो, गाडी परवा येईल. आणि तुमचा माल दुसरीकडे जाऊ नये म्हणून इसार आत्ताच फोनवर पाठवतो.

इथे इसाराचं सांगायला हवं. आमच्याकडे व्यापारी गावात येऊन कापूस घेतो तेव्हा तो आधी मूठभर कापूस ओढून धागा बघतो, भाव ठरतो, मग थोडी रक्कम हातावर ठेवतो. तो इसार. इसार घेतला की तो माल त्याचा. नंतर दुसऱ्याने जास्त भाव दिला तरी हलायचं नाही. पण रक्कम हातावर ठेवायच्या आधी व्यापारी चिठ्ठीवर सही घेतो. आधी सही, मग इसार. हे इतकं अंगात मुरलेलं आहे की त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

आणि नुसतं व्यापाऱ्याचं कशाला? आमच्या भागात पैसे घ्यायचे म्हणजे आधी काहीतरी द्यावं लागतं. पीक विमा आला, सही करा. रोजगार हमीची मजुरी, अंगठा लावा. रेशनचा गहू, यंत्रावर बोट ठेवा, नाही उमटलं तर पुसून पुन्हा ठेवा. माझ्या काउंटरवर पण तेच. शाईचा डबा पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, आधी अंगठा. पिढ्यान् पिढ्या या माणसांना सगळ्या कचेऱ्यांनी मिळून एकच गोष्ट शिकवली, की स्वतःचा पैसा हातात पडण्याआधी स्वतःची खूण द्यावी लागते. त्या भामट्याने नवीन काही शोधलं नाही. कचेऱ्यांनी तयार करून ठेवलेल्या सवयीवर तो आयता येऊन बसला.

त्याने आधी एक रुपया पाठवला. खरा. विमलताईंच्या फोनवर टिंग वाजलं, खात्यात रुपया जमा. माणूस खरा आहे अशी त्यांची खात्री पटली. मग तो म्हणाला, आता इसाराचे अठरा हजार पाठवतो, फोनवर येईल, ते उघडा आणि पिन टाका. विमलताई हुशार, त्यांनी विचारलं, रुपया आला तेव्हा तर पिन लागला नाही. तो अडखळला पण नाही. म्हणाला, “माताजी, रकम बड़ी है. पिन मतलब आपका अंगूठा. अंगूठा लगाए बिना कोई पैसा देता है क्या?”

फोनवर मोठ्या अक्षरांत अठरा हजार दिसत होते. खाली 'कापसाचा इसार' असं त्यानेच लिहून पाठवलेलं. आणि वर बारीक अक्षरांत होतं, की या माणसाने तुमच्याकडे पैसे मागितले आहेत. विमलताईंनी मोठी अक्षरं वाचली. पिन टाकला. पुन्हा टिंग वाजलं. त्यांना वाटलं, आले. मेसेज वाचला तर गेले होते.

तो लगेच म्हणाला, काहीतरी बिघाड झाला, आणखी एकदा टाका, दोन्ही रकमा एकदम परत येतील. तेव्हा मात्र विमलताईंनी फोन ठेवला. दुसऱ्यांदा पिन टाकला नाही. अनेक माणसं दुसऱ्यांदाही टाकतात, गेलेलं परत मिळवण्याच्या नादात तिसऱ्यांदाही टाकतात, हे मी माझ्या बँकेतल्या शिकलेल्या खातेदारांत पाहिलेलं आहे.

ते अठरा हजार म्हणजे मिरगाआधी घ्यायचं बियाणं आणि खत. घरात कापूस पडून, हातात होतं ते गेलं. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, शेतात गेल्या, आल्या. त्यांची मुलगी दिपाली यवतमाळला नर्सिंग शिकते, ती सुटीत घरी आली आणि आईचा चेहरा बघून पिच्छाच पुरवला. तेव्हा विमलताईंनी सांगितलं, आणि सांगताना रडल्या. पैशासाठी रडल्या नाहीत, त्या मला पुढे म्हणाल्या. आपण बावळट निघालो म्हणून रडल्या.

दिपालीने त्यांना समजावत बसण्याऐवजी एक चांगलं काम केलं. म्हणाली, आई, मले एक रुपया पाठव. विमलताईंनी पाठवला. पिन लागला. मग दिपालीने तोच रुपया आईला परत पाठवला. विमलताई फोन धरून बसल्या. काही विचारलं नाही, काही दाबावं लागलं नाही, रुपया आपला आपण येऊन पडला. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मायलेकींनी तो एक रुपया दुपारभर इकडून तिकडे फिरवला. रुपयाची नोट असती तर झिजली असती. शेवटी दिपालीने मायकडेच पैसे मागणारा निरोप पाठवला, पन्नास रुपयांचा, आणि खाली लिहिलं 'इसार'. विमलताईंनी तो उघडला आणि या वेळी वरची बारीक अक्षरं वाचली. तसाच निरोप, तसाच पिन मागतोय. त्यांनी 'नको' दाबलं, आणि तो निमूट निघून गेला.

“इतकंच होतं,” त्या दिपालीला म्हणाल्या. “पैसे जातानी पिन लागते. येतानी नाई लागत. इतकं मले कोणी सांगतलं असतं तं.”

मग दिपालीने १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, त्याच वेळी फोन का नाही केला? तासाभरात कळवलं असतं तर रक्कम वाटेत अडवता आली असती. आता ती कुठल्या तरी लांबच्या राज्यात एटीएममधून काढून घेतलेली होती. पोलीस ठाण्यातही तेच ऐकायला मिळालं. विमलताई तिथून थेट माझ्या घरी आल्या. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या नाहीत, पेला हातात धरून बसल्या.

“रजनीताई, दोन दिवस म्या लाजेत घालवले,” त्या म्हणाल्या. “ते दोन दिवस त्या चोराच्या कामी पडले. चोरी त्यानं केली अन् तोंड म्या लपवलं. कायले? म्या काय केलतं?”

मी म्हटलं, काहीच केलं नाही तुम्ही. त्या म्हणाल्या, हे मलाही आत्ताच समजलं, एसटीत बसल्या बसल्या. आणि आता मी गप्प बसणार नाही.

गप्प न बसणं म्हणजे काय, ते बोरखडीने आणि नेरने पुढचा महिनाभर पाहिलं. विमलताई जिथे चार माणसं दिसतील तिथे सुरू व्हायच्या. बचत गटात सांगितलं, एसटीत सांगितलं, पिठाच्या गिरणीवर दळण होईपर्यंत सांगितलं. नेरच्या बाजार समितीबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथे कंटाळलेली माणसं सावलीला बसलेली असतात. तिथे जाऊन सांगितलं. सुरुवात ठरलेली, माहे अठरा हजार गेले, कसे गेले ते ऐका. आधी स्वतःची फजिती उघडी करायच्या, मग फोन काढून ती बारीक अक्षरं दाखवायच्या. कुणी देतो म्हणत असेल तर त्याला म्हणावं, तुझ्याकडून पाठव, मी काही दाबणार नाही. फोन ठेवू नका म्हणत असेल तर आधी ठेवा. घाई करत असेल तर समजून जा. आणि गेलेच तर लाजत बसू नका, उभ्या उभ्या १९३० लावा.

माणसं हसायची. हसणाऱ्यांना विमलताई हसू द्यायच्या. एकदा रांगेत एकजण हसला नाही. उकंडा नावाचा म्हातारा शेतकरी, ढाणकीकडून लेकीच्या गावी आलेला. त्याने बंडीच्या खिशातून फोन काढला आणि विचारलं, हे असंच काही आलं आहे का पाहा बरं. आलं होतं. बैलजोडी घेतो म्हणणाऱ्या कुणाचा तरी निरोप, चाळीस हजारांचा, खाली लिहिलेलं 'बैलाचा इसार'. नातू खेळून आला की त्याच्याकडून पिन टाकून घेणार होता म्हातारा. विमलताईंनी त्याच्याच बोटाने 'नको' दाबायला लावलं. मग रांगेतलं हसणं जरा कमी झालं.

मला हे सांगताना अभिमान वाटतो, का लपवू? पण बबनरावांना घाम फुटला होता. गावंडेंच्या घरची सून भर बाजारात उभी राहून आपण कसे नागवले गेलो ते सांगते, यात त्यांना घराण्याची अब्रू जाताना दिसत होती. चोराने अठरा हजार नेले तेव्हा अब्रू गेली नव्हती, बाईने तोंड उघडल्यावर गेली. त्यांनी घनश्यामरावांना वणीहून बोलावून घेतलं आणि रविवारी घरात बैठक ठरवली. बोलणं आधीच पक्कं झालेलं होतं. विमलताईंच्या खात्याला बबनरावांचा फोन नंबर जोडायचा. कापूस विकला की पैसे आले-गेले ते बबनराव बघतील. विमलताईंना लागेल तेवढं त्यांनी मागून घ्यावं.

“मागून घ्यावं,” विमलताई माझ्याकडे येऊन म्हणाल्या. “वावरात मी राबली. कापूस मी वेचला. अन् आता दोनशे रुपयासाठी मी भाऊजीच्या दारात उभी राहू? खातं गेलं ना रजनीताई, तं उद्या कोणतं बियाणं घ्याचं तेही हेच ठरवतील. मंग मी त्या वावरात मजूर.”

मी त्यांना कायद्याचं सांगितलं. तुमच्या सहीशिवाय कुणीही नंबर बदलू शकत नाही, तुम्ही सही करू नका, विषय संपला. त्या म्हणाल्या, ते मलाही समजतं. पण नुसतं नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी पुन्हा बसतील, आणि मालकांचं मन डळमळीत आहे. घनश्यामराव भले आहेत. पण थोरल्या भावापुढे त्यांची मान वर होत नाही, आणि बायको एकदा फसली होती हे कुणालाच नाकारता येत नव्हतं. याचं उत्तर हवं होतं.

त्याच आठवड्यात विमलताईंना नवेच फोन येऊ लागले होते. दुसरा आवाज, जरा कडक, साहेबी. ऑनलाइन तक्रार केंद्रातून बोलतोय म्हणे. तुमचे अठरा हजार सापडले आहेत, परत करायचे आहेत, फोनवर निरोप येईल, तो स्वीकारा. एकदा नागवलेल्या माणसाचा नंबर हे चोर एकमेकांना देतात, हे मी ऐकून होते. विमलताईंनी त्याला उडवून लावलं नाही. म्हणाल्या, साहेब, सध्या खात्यात काही नाही, रविवारी थोडा कापूस विकून पैसे येणार आहेत, तेव्हा सकाळी चहाच्या वेळेला करा. साहेबाने आनंदाने कबूल केलं. त्याला कशाला शंका येते? भरलेलं खातं कुणाला नको?

मला म्हणाल्या, रविवारी या. आणि बोलू नका काही. हे दुसरं मला अवघड होतं, पण कबूल केलं.

बैठक त्यांच्याच घरी होती. कापूस अजून अर्ध्या खोलीत छतापर्यंत उभा, उरलेल्या जागेत सतरंजी. बबनराव भिंतीला टेकून, शेजारी माजी सरपंच, त्यांच्या शेजारी नात्यातले एक मामा, ज्यांना प्रत्येक बैठकीला बोलावतात. घनश्यामराव दाराजवळ, खाली बघत. मी एका खुर्चीवर, पाहुणी म्हणून. सगळे मधूनमधून मनगट, मान, पोटरी खाजवत होते. बबनरावांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. विमलचा दोष नाही, जमाना खराब आहे, बाईमाणूस भोळं असतं, फोनवर कोण काय बोलतं ते तिला उमगत नाही, म्हणून घरातल्या जाणत्या पुरुषाच्या हाती व्यवहार असलेला बरा. माजी सरपंचांनी मान हलवली. मामांनी ती आधीपासूनच हलवायला घेतली होती.

तेवढ्यात फोन वाजला. विमलताई म्हणाल्या, त्या अठरा हजारांबद्दल साहेबांचा फोन आहे, परत मिळतील म्हणतात. सगळ्यांसमोरच बोलते, म्हणजे चूक होणार नाही. आणि त्यांनी आवाज मोठा करून फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला.

साहेब जोरात होता. तक्रार क्रमांक म्हणून काहीतरी लांबलचक आकडा वाचला, आपला हुद्दा सांगितला, सरकारने पीडित शेतकऱ्यांसाठी रक्कम मंजूर केली आहे म्हणाला. मागे ऑफिसात असतात तसे फोन वाजल्याचे आवाज होते. अठरा हजार आणि भरपाई धरून एकूण पंचवीस हजार मिळतील. फोनवर टिंग वाजलं. निरोप आला. पंचवीस हजार, मोठ्या अक्षरांत. खाली 'परतावा'.

विमलताईंनी फोन उचलला नाही. म्हणाल्या, साहेब, मले जरा समजून घेऊ द्या.

साहेब म्हणाला, समजायला वेळ नाही, दहा मिनिटांत रक्कम सरकारजमा होईल, आपके बाद और भी किसान लाइन में हैं. तशी सतरंजीवरची माणसं पुढे सरकली. माजी सरपंचांनी चष्मा लावून पंचवीस हजार वाचले आणि म्हणाले, बरोबर आहे, सरकारची योजना आहे ही, मी पेपरात वाचली होती. मामा म्हणाले, देवाघरी न्याय आहे. मी ओठ दाबून बसले होते.

“सायेब पिन मागून राह्यले,” विमलताई बबनरावांना म्हणाल्या. “काय करू, भाऊजी?”

“टाक ना मंग,” बबनराव म्हणाले. “पैसे घ्यायले सही तं द्याच लागते. टाक लवकर, टाइम जाऊन राह्यला.” आणि फोनकडे वाकून त्यांनी स्वतःच सांगितलं, “हाँ साहब, डाल रहे है, डाल रहे है, रुकना.”

“घनश्याम, तू सांग तुह्या बाईले,” माजी सरपंच म्हणाले. “हातचे जाऊन राह्यले.”

घनश्यामरावांनी मान वर केली. “टाक विमल,” ते हळूच म्हणाले.

विमलताईंनी आता फोन हातात घेतला. वरची बारीक अक्षरं सगळ्यांना ऐकू येतील अशी, एक एक शब्द तोडून वाचली. या व्यक्तीने तुमच्याकडे पंचवीस हजार रुपये मागितले आहेत. मागितले. मग फोनवर म्हणाल्या, “सायेब, तुमच्यापाशी पैसे असतीन तं पाठवून द्या. मी काही दाबणार नाई. आले तं तुमचे आभार मानीन.” साहेब आधी चिडला, मग त्याने एक अशी घाणेरडी शिवी दिली की मामांनी कानावर हात ठेवले. फोन बंद झाला. विमलताईंनी 'नको' दाबलं आणि फोन मांडीवर ठेवला. खोलीत कुणी खाजवतसुद्धा नव्हतं.

बबनरावांचा चेहरा मला अजून दिसतो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

“हाही चोरच होता,” विमलताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “कापूस विकलेले पैसे आज खात्यात हायेत. म्या तुमचं ऐकलं असतं तं आता ते गेले असते. भाऊजी, पहिल्यांदा मी फसली तवा मी एकटी होती, अन् मले सांगणारं कोणी नोतं. आज तुमी चार जाणते पुरुष होते, अन् मी महिनाभर गावभर सांगून राह्यली होती.”

बबनरावांनी घसा खाकरला आणि धोतराचा सोगा सावरला. माजी सरपंचांनी चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला. मामांना अचानक कुठेतरी जायचं आठवलं. मग घनश्यामराव बोलले, आणि भावाकडे न बघता बोलले, त्यांच्यासाठी तेवढंही खूप होतं. “दादा, खात्याचं राहू द्या आता. विमलपाशीच राहू द्या ते.”

मला वाटलं, झालं. नवऱ्याने सगळ्यांसमोर शब्द टाकला, आता या समाधानाने आत जातील आणि चहा टाकतील. विमलताई उठल्या. पण आत गेल्या नाहीत. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाल्या,

“राहू द्यायले ते तुमचं होतं कवा?”